रजोनिवृत्ती समजून घेताना (लेखांक ६) : पाळी गेल्यानंतरची उन्हाळी

ऐन श्रावणात एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय चोपन्न, पाळी जाऊन पाच वर्षं झालेली. “मॅडम, वर्षभर उन्हाळी लागतेय,” असं म्हणत त्यांनी पर्समधून लघवीच्या तपासणीचे सात रिपोर्ट काढले. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, सगळं करून झालं होतं. अँटिबायोटिकचे चार कोर्सही झाले होते. सातपैकी पाच रिपोर्ट मात्र स्वच्छ होते. जंतू नव्हतेच.

मी विचारलं, “जळजळ आत होते, की लघवी बाहेर कातडीला लागली की होते?” त्या थोडं थांबून म्हणाल्या, “कातडीला लागली की.” मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. चड्डीची शिवण टोचते. खाज येते. दोन वर्षांपासून नवऱ्याला जवळ येऊ दिलं नाही, कारण आत काच फिरवल्यासारखं दुखतं. “ह्यांना वाटतं माझं मन उडालंय,” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

गेल्या आठवड्यात आपण गरम वाफांबद्दल वाचलं. त्या बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतात. आजच्या त्रासाचं तसं नाही. उपचार केला नाही तर तो आपोआप जात नाही, उलट वर्षागणिक वाढतो. पाळी गेलेल्या सुमारे निम्म्या बायकांना तो कमी-अधिक प्रमाणात होतो. तरी त्याबद्दल बोलायला आपल्याकडे शब्द नाहीत. ‘तिकडे’, ‘खाली’, ‘लघवीच्या जागी’ एवढंच बोललं जातं. दुखणं योनीच्या तोंडाशी असताना तपासणी लघवीची होत राहते, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

शरीरात घडतं ते असं. योनी, तिच्या बाहेरचे ओठ, मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा खालचा भाग, हे सगळे इस्ट्रोजेनवर पोसलेले असतात. या संप्रेरकामुळे योनीचं अस्तर जाड, ओलसर आणि ताणलं जाईल असं राहतं. अस्तराच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन साठतं. दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद असलेले लॅक्टोबॅसिलस त्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणामुळे योनीचा पीएच ३.५ ते ४.५ राहतो आणि घातक जंतूंना तिथे थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन आटलं की अस्तर पातळ होतं, हे उपकारक जंतू कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो. कोरड, आग, संबंधाच्या वेळी वेदना, घाईची लघवी आणि कधी खराखुरा जंतुसंसर्ग, या सगळ्याचं मूळ एकच. म्हणूनच २०१४ साली रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या तज्ज्ञ संघटनांनी जुनं, फक्त योनीच्या आक्रसण्याबद्दल बोलणारं नाव मागे ठेवलं आणि लघवीच्या तक्रारीही सामावून घेणारं नवं नाव स्वीकारलं.

आता उपाय. आधी काय बंद करायचं ते सांगते, कारण निम्मं नुकसान स्वच्छतेच्या नावाखाली होतं. त्या जागी साबण नको, अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक नको, सुवासिक वॉश नको, आतून पाण्याने धुणंही नको. बाहेरून साधं पाणी पुरतं. संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगण जेली वापरावी. रोजच्या कोरडेपणासाठी योनीसाठीच बनवलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा लावतात. अनेकींच्या हाताशी खोबरेल असतं आणि काहींना ते मानवतं, पण तेलाने निरोध फाटू शकतो हे लक्षात ठेवा. पन्नाशीनंतर पाळी जाऊन वर्ष आणि पन्नाशीच्या आत गेली असेल तर दोन वर्षं उलटेपर्यंत गर्भनिरोधन सोडायचं नसतं.

एवढ्याने भागलं नाही तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन, बहुधा एस्ट्रिऑलचं मलम, हा खरा उपचार. सुरुवातीला दोन-तीन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. १९९३ साली रझ आणि स्टॅम या डॉक्टरांनी वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांवर याचा अभ्यास केला. मलम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, नुसतं औषधविरहित मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. मला हे आकडे वाचताना दरवेळी अँटिबायोटिकच्या त्या चार कोर्सची आठवण होते. ‘हार्मोन’ म्हटलं की कॅन्सरची धास्ती वाटते, हे मी समजू शकते. पण या मलमाची मात्रा अल्प असते आणि रक्तात जवळजवळ उतरत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आमच्या शिक्षिकांना तीन महिन्यांत उतार पडला. मी त्यांच्या यजमानांना बोलावून, हा मनाचा नव्हे, कातडीचा प्रश्न आहे, हे नीट समजावलं. औषधाइतकीच त्याची गरज होती.

खोकल्यावर, शिंकल्यावर, हंडा उचलताना लघवीचे थेंब जाणं, किंवा संध्याकाळपर्यंत ‘अंग खाली उतरल्यासारखं’ वाटणं, ही दुसरी तक्रार. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. बाळंतपणं, जुना खोकला, कुंथायला लावणारा बद्धकोष्ठ आणि वय यांनी ती सैलावते. १९४८ साली आर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी तिच्यासाठी व्यायाम मांडला. योगवर्गात मूलबंध शिकलेल्यांना तो ओळखीचा वाटेल, फक्त इथे श्वास रोखायचा नाही. वायू सुटू नये म्हणून आपण जे आत ओढून घेतो, तेच स्नायू ओढायचे. पाच आकडे धरायचे, पाच आकडे सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, कुल्ले सैल. लघवी करताना धार अडवून सराव करू नका. गुण यायला तीन महिने लागतात आणि बहुतेकजणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. दुखणं हीच मुख्य तक्रार असेल तर स्नायू आधीच आवळलेले असू शकतात, तेव्हा आधी तपासून घ्या. अंग खरंच बाहेर येत असेल तर बसवायची रिंग मिळते. प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही.

एसटीच्या प्रवासात जायला जागा नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बायका मी रोज पाहते. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ स्वच्छतागृहांसाठी झगडतेय ती याचसाठी. पाणी तोडल्याने लघवी गडद होते आणि आग वाढते.

एक गोष्ट मला फार लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांबद्दल २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, मग वय बत्तीस का असेना. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर येऊ शकते. अशा बाईला आज सांगितलेला सगळा त्रास तिशीत होतो आणि तिला तो पाळीशी जोडलेला आहे हे ठाऊकच नसतं. तुमच्या घरात, शेजारात, वस्तीत अशी कुणी असेल तर हा लेख तिला वाचून दाखवा.

शेवटी, न थांबता दवाखाना गाठायच्या वेळा. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डागही दिसला तर ‘पाळी परत आली’ म्हणून गप्प बसू नका. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण हीच असते आणि वेळेत पकडला तर तो बरा होतो. लघवीतून रक्त जाणं, न भरणारी जखम, पांढरे पडलेले खाजरे चट्टे, हेही दाखवा. खाजेमागे मधुमेह असू शकतो, तेव्हा साखरही तपासून घ्या.

पुढच्या आठवड्यात : हाडांची झीज आणि ऊन.