कासवही कात टाकते!

साप कात टाकतो, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. बांधावरच्या गवतात किंवा दगडांच्या गडग्यात अडकलेली सापाची कात तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असेल. पण कासवही कात टाकते असे कोणी सांगितले, तर तुमचा चटकन विश्वास बसणार नाही. कासवाची पाठ कशी दगडासारखी टणक! तिची कसली आली कात?

म्हणूनच ज्यांच्या घरी नुकतेच कासव आलेले असते, ती मुले एखाद्या दिवशी घाबरून जातात. कासवाच्या पाठीवरचा एक तुकडा कडेने उचलला गेलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी तो पाण्यावर तरंगताना सापडतो. कासवाचे कवच गळू लागले, आता ते मरणार, असे वाटते. मग कोणी सुचवतो, ‘खोबरेल तेल चोळा.’ कोणी म्हणतो, ‘सुटतच आले आहे, तर ओढून काढा.’ विद्यार्थी मित्रांनो, हे दोन्ही उपाय कासवाला अपाय करणारे आहेत. ते का, हे समजण्यासाठी आधी कवच म्हणजे काय ते पाहू.

कवच म्हणजे हाडेच!

गोष्टींमधल्या आणि चित्रपटांमधल्या कासवाला कवच काढून बाजूला ठेवता येते. खऱ्या कासवाला ते कधीच जमणार नाही. कारण कवच हा अंगावर चढवलेला डगला नसून त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. कासवाचा पाठीचा कणा आणि फासळ्या रुंद होऊन एकमेकींना जुळतात आणि त्यांपासून पाठीची ढाल तयार होते. पोटाकडे दुसरी ढाल असते. या दोन्ही ढाली दोन्ही कुशींना हाडाच्या पुलाने जोडलेल्या असतात. या हाडांना रक्तपुरवठा असतो आणि त्यांत मज्जातंतूही असतात. तुम्ही कासवाच्या पाठीवर बोट ठेवले, तर त्याला ते कळते. पाठीला जखम झाली, तर रक्त येते आणि वेदनाही होतात.

या हाडांवर जिवंत कातडीचा एक पातळ थर असतो आणि त्यावर खवल्यांचे आच्छादन असते. हे खवले केराटिन नावाच्या पदार्थाचे बनलेले असतात. आपली नखे, गाईची शिंगे, पक्ष्यांची चोच यांतही केराटिनच असते. आपल्याकडे दुकानांतून विकल्या जाणाऱ्या ‘रेड इअर्ड स्लायडर’ या कासवाच्या पाठीवर साधारणपणे ३८ आणि पोटावर १२ खवले असतात. मौज अशी, की वरच्या खवल्यांचे सांधे आणि खालच्या हाडांचे सांधे एकमेकांवर येत नाहीत. गवंडी भिंत बांधताना वरच्या थरातील विटांचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही. भिंत मजबूत व्हावी म्हणून तो ही काळजी घेतो. कासवाच्या कवचाची रचनाही तशीच आहे.

कात पडते ती कशी?

कासव वाढते, तसे त्याचे कवचही वाढते. पण तयार झालेला खवला हा नखाप्रमाणे निर्जीव असतो. तो ताणून मोठा होत नाही. म्हणून त्याच्या खालची जिवंत कातडी नवा, थोडा मोठा खवला तयार करते. नवा खवला तयार झाला, की वरचा जुना पापुद्रा सैल होतो. कासव पाण्याबाहेर येऊन उन्हात बसले, की हा पापुद्रा वाळतो, त्याच्या कडा वर वळतात आणि तो गळून पडतो. साप बहुधा सगळी कात एकदमच टाकतो. कासवाचे मात्र एकेक खवला असे सावकाश चालते. वाढत्या वयाच्या पिल्लात हे अधिक वेळा घडते, तर मोठ्या कासवात कमी वेळा. मानेवरची आणि पायांवरची कातडीही अधूनमधून पातळ पापुद्र्यांच्या रूपाने सुटते.

सगळीच कासवे असे करतात का? नाही. जमिनीवर राहणारी अनेक कासवे जुने खवले टाकत नाहीत. त्यांच्या पाठीवर थरांवर थर साठतात आणि वर्तुळे उमटतात. काही जण ही वर्तुळे मोजून कासवाचे वय सांगतात, पण ते दर वेळी बरोबर येत नाही. खाणे भरपूर मिळाले, तर एका वर्षात एकाहून अधिक वर्तुळे पडू शकतात. आपल्या तळ्यांत आणि विहिरींत आढळणाऱ्या मऊ पाठीच्या कासवाला तर खवलेच नसतात. त्याच्या हाडांवर चामड्यासारखी कातडी असते.

निरोगी कात कशी ओळखावी?

निरोगी कातेचा खवला पातळ आणि अर्धपारदर्शक असतो. अभ्रकाचा पापुद्रा किंवा वाळलेली कांद्याची साल आठवा. त्याचा आकार पूर्ण खवल्याएवढा असतो, त्याला वास येत नाही आणि त्याच्याखाली स्वच्छ, टणक, चमकदार कवच दिसते. असे असेल, तर निर्धास्त राहा. खवला आपोआप पडू द्या. तो ओढून काढू नका. खालचा थर पुरता तयार झालेला नसेल, तर तेथे जखम होते आणि त्या जखमेतून जंतू शिरतात.

याउलट पुढीलपैकी काही दिसले, तर ती कात नव्हे, आजार समजावा: कवच बोटाखाली दबते; त्यावर खड्डे किंवा पांढरे, भुसभुशीत डाग पडले आहेत; घाण वास येतो; पोटाकडचे कवच लालसर झाले आहे किंवा त्यातून द्रव पाझरतो; खवल्याबरोबर हाडाचा तुकडाही सुटतो आहे. अगदी लहान पिल्लाचे कवच किंचित लवचीक असते, पण मोठ्या कासवाचे कवच टणकच हवे. वरील लक्षणांवर घरगुती उपाय करत बसू नये. कासवाला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

तेल लावल्यास काय बिघडते? तेलाने कवचावर थर बसतो, त्यावर घाण चिकटते, कवच नीट वाळत नाही आणि खालच्या ओलीत जंतू व बुरशी वाढतात. कवच रंगवण्यानेही असेच नुकसान होते.

ऊन हेच औषध

कासव शीतरक्ती आहे. म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाप्रमाणे बदलते. ऊब मिळाली नाही, तर त्याला भूक लागत नाही आणि खाल्लेले पचत नाही. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सियस आणि बसण्याच्या कोरड्या जागेचे ३० ते ३२ अंश असले, तर या कासवाला मानवते.

पण उन्हाचे काम केवळ ऊब देण्याचे नाही. उन्हातील अतिनील किरणांमुळे कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. ड जीवनसत्त्व असेल, तरच अन्नातील कॅल्शियम शरीरात नीट शोषले जाते. ते मिळाले नाही, तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेऊ लागते आणि कवच मऊ व वेडेवाकडे होते. माणसाच्या मुलांना याच कारणाने मुडदूस होतो.

खिडकीच्या काचेतून आलेले ऊन मात्र येथे उपयोगी पडत नाही. कासवाला लागणारे अतिनील किरण काच अडवते. घरातल्या साध्या दिव्यांतूनही ते मिळत नाहीत. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा खास अतिनील दिवा लावावा, किंवा रोज सकाळच्या कोवळ्या उन्हात कासवाला थोडा वेळ ठेवावे. ठेवताना पसरट टब घ्यावा आणि त्याचा अर्धा भाग सावलीत असावा. काचेची बरणी उन्हात ठेवली, तर पाणी तापून कासव मरू शकते. शेजारी कोणीतरी बसावे. कावळा, घार आणि मांजर यांचा नेम नसतो!

पाणी, जागा आणि अन्न

प्लॅस्टिकचे माडाचे झाड असलेली छोटी थाळी कासवाला पुरत नाही. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे दिसणारे पिल्लू पुढे २५ ते ३० सेंटिमीटर लांब होऊ शकते आणि २० ते ३० वर्षे जगते. पोहण्यासाठी खोल पाणी आणि पूर्णपणे कोरडे होऊन बसण्यासाठी दगड किंवा फळी, या दोन्ही गोष्टी हव्यातच. कोरडी जागा नसेल, तर कात नीट पडत नाही आणि कवच कुजू लागते. पाणी वरचेवर बदलावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे.

लहानपणी हे कासव किडे, अळ्या, छोटे मासे असे मांसाहारी अन्न अधिक खाते. मोठेपणी त्याचा ओढा वनस्पतींकडे वळतो. कासवांसाठी मिळणारे गोळीखाद्य, पाणवनस्पती, लेट्यूसची पाने, किसलेले गाजर असे अन्न आलटून पालटून द्यावे. नुसती वाळलेली कोळंबी पुरेशी नसते. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने कासवाचे डोळे सुजतात. दूध, पोळी, भात, फरसाण देऊ नये. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकावा. समुद्रफेस म्हणजे समुद्रातील माकुळाच्या अंगातील पांढरी, ठिसूळ वडी. एका वेळचे खाणे साधारण कासवाच्या डोक्याएवढे असावे. पिल्लाला रोज आणि मोठ्या कासवाला एक दिवसाआड पुरते.

नव्या घरात आलेले कासव पहिले काही दिवस खात नाही. त्याला एकसारखे उचलू नये. मात्र नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा एका बाजूला कलंडून पोहणे ही फुप्फुसाच्या आजाराची लक्षणे असू शकतात.

हात धुवा!

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर आणि पाण्यातही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. ते माणसाच्या पोटात गेले, तर जुलाब, ताप व पोटदुखी होते. लहान मुले छोटी कासवे तोंडात घालत आणि आजारी पडत. म्हणून अमेरिकेने १९७५ साली ४ इंचांहून, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटरहून, लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी केली. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. त्याचे भांडे स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका.

करून पाहा

कात पडली, की ती फेकू नका. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा आणि वहीत चिकटवा. तारीख लिहा आणि तो खवला पाठीवर कोठे होता, त्याचे चित्र काढा. भिंगातून पाहा. पट्टीने लांबी-रुंदी मोजा. पुढच्या खेपेला त्याच जागेवरचा खवला पडला, की तोही मोजा. दोन्ही मापांतला फरक म्हणजे तुमच्या कासवाची वाढ! महिन्यातून एकदा कासवाचे वजनही लिहून ठेवा. वजन सतत घटत असेल, तर ती धोक्याची सूचना आहे. पशुवैद्यालाही ही वही उपयोगी पडेल.

तळ्यात सोडू नका

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. रेड इअर्ड स्लायडरचे मूळ घर अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आहे. डोळ्यामागे लाल पट्टा असतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. मोठे झालेले कासव नकोसे होते आणि लोक ते तळ्यात सोडून देतात. त्यात आपण पुण्य केले, असेही काहींना वाटते. प्रत्यक्षात हे कासव तेथील देशी कासवांचे अन्न आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ साली थांबवली, तर जपानने २०२३ साली त्याच्या विक्रीवर आणि ते मोकळे सोडण्यावर बंदी घातली. आपल्या देशात गुवाहाटीजवळच्या दीपोर बील सरोवरातही हे कासव आढळले आहे.

आणि आपली देशी कासवे? तळ्यातले मऊ पाठीचे कासव असो की पाठीवर चांदण्या असलेले चांदणी कासव, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. विदेशी प्राण्यांसाठीही नियम आहेत. वन विभागाकडे त्यांची चौकशी करावी.

कासव अजून घरी आणले नसेल, तर आणण्यापूर्वी हिशेब करा. आज तुम्ही बारा वर्षांचे असाल, तर तुम्ही चाळिशीला टेकाल तेव्हाही ते जिवंत असेल. इतकी वर्षे त्याला स्वच्छ पाणी, कोरडी जागा आणि ऊन देणे जमेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तळ्याकाठी स्वस्थ बसून देशी कासव पाहा. दगडावर ऊन खात बसलेले कासव लांबून पाहण्यातही भरपूर शिकण्यासारखे आहे.