फ्रेंच डिस्चार्ज कार्ड

फ्रान्समध्ये हॉस्पिटलमधून सोडताना पेशंटच्या हातात ‘लेत्र द लिएझाँ’ नावाचं पत्र देतात. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डाचं काम ते करतं. असं पत्र पिंपरी-चिंचवडला कशाला येईल? पण चाकणजवळ कुरुळीत गाड्यांच्या काचा करणारी सेंट-गोबेन सेकुरिट आहे, हिंजवडीत दासो सिस्टिम्स आहे. इथली मुलं ट्रेनिंगला, प्रोजेक्टला फ्रान्सला जाऊन राहतात. तिथे कुणाचं अपेंडिक्स काढावं लागतं, कुणी बर्फावर घसरतं. परत आल्यावर इथल्या डॉक्टरांना आणि इन्शुरन्सवाल्यांना कागद इंग्रजीत लागतात. एरवी मशीनची मॅन्युअल्स भाषांतरित करणाऱ्या माझ्यासारखीकडे मग ती फाईल येते.

निगडीच्या एका तरुण इंजिनियरची फाईल अशीच आली. लियोंला घोटा मोडला होता, प्लेट-स्क्रू टाकून ऑपरेशन झालं होतं. मी आधी पानं तारखेप्रमाणे लावते आणि संक्षेपांची यादी करते, कारण फ्रेंच डॉक्टर अर्धंअधिक संक्षेपांतच लिहितात. टेदेएम म्हणजे सीटी स्कॅन, एनएफएस म्हणजे आपला सीबीसी. ऑपरेशनचा दिवस ‘जे 0’, त्यानंतरचा 15वा दिवस ‘जे 15’. त्या दिवशी ‘आब्लास्याँ’ करा, असं लिहिलेलं होतं. म्हणजे जखमेचे स्टेपल काढा, एवढंच. इंग्रजीत तो शब्द तसाच ठेवला, तर वाचणाऱ्याला हृदयावरचा नाहीतर गाठ जाळायचा उपचार वाटेल.

आकड्यांशी मात्र मी फार जपून वागते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एनोक्झापॅरिनचं इंजेक्शन दिलं होतं : 4000 युनिट, 0,4 मिली. फ्रेंचमध्ये दशांशाला स्वल्पविराम असतो, तिथे मी टिंब देते आणि मूळ कागदाशी पुन्हा ताडून बघते. आपल्याकडे हाच डोस 40 मिलिग्रॅम असा लिहितात. तरी मी युनिटचे मिलिग्रॅम करत नाही. रक्तातली साखर तिकडे ग्रॅम प्रति लिटरमध्ये येते, तीही तशीच ठेवते. हिशेब डॉक्टरांनी करायचा. त्यांच्यापुढे मूळ आकडा गेला पाहिजे.

त्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ शेवटी होती : डाव्या पायाला सहा आठवडे कडक ‘देशार्ज’. कानाला डिस्चार्जसारखा लागणारा हा शब्द घरच्यांनीही मोबाईलवर भाषांतर करून पाहिला होता, आणि सहा आठवड्यांनी पूर्ण सुट्टी असं काहीतरी समजून घेतलं होतं. हाडांच्या डॉक्टरांच्या कागदात देशार्ज म्हणजे पायावरचा भार काढून घेणं. सहा आठवडे तो पाय जमिनीवर टेकवून वजन द्यायचंच नाही. मुलगा घरात एका काठीच्या आधाराने दोन्ही पायांवर चालत होता. मी भाषांतर पुरं व्हायची वाट न बघता त्याच संध्याकाळी त्याच्या आईला फोन केला : ‘काकू, आधी त्याला बसवा आणि उद्या डॉक्टरांना दाखवा.’

बाकीचे शब्द इतके अंगावर येत नाहीत, पण त्यांच्यासाठीही तिथली व्यवस्था माहीत असावी लागते. ‘रेआनिमास्याँ’ हा आयसीयूचा वॉर्ड. तिथे ठेवलं म्हणजे हृदय बंद पडून पेशंटला परत आणलं, असं नव्हे. ‘अँतर्न’ हा आपल्याकडच्या इंटर्नपेक्षा पुढचा, स्पेशालिटी शिकणारा रेसिडेंट. ‘मेद्सँ त्रेताँ’ म्हणजे ऑपरेशन करणारा सर्जन नव्हे, तर पेशंटने सरकारी विम्याकडे नोंदवलेला नेहमीचा डॉक्टर; ही पद्धत 2004च्या कायद्याने आली. ‘एद-स्वान्याँ’साठी तर मला आपल्या हॉस्पिटलातलं माणूसच सापडत नाही. पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं ही आपल्याकडे मावशींची नाहीतर नातेवाइकांची कामं. तिकडे त्यासाठी सरकारी डिप्लोमा घ्यावा लागतो. इंग्रजीत मी नर्सिंग असिस्टंट लिहिते, आणि आपल्या मावशींना असं शिक्षण आणि तसा मान कधी मिळणार, हा विचार दर वेळी मनात येतो.

काही वेळा अडचण शब्दाची नसतेच. दुसऱ्या एका फाईलमध्ये पूर्वेतिहासाच्या रकान्यात तीन अक्षरं होती : एचटीए, म्हणजे उच्च रक्तदाब. ‘ताई, तेवढं गाळता येईल का? क्लेम अडकेल,’ घरच्यांनी फार अजिजीने विचारलं. पैशांची त्यांची ओढाताण मला दिसत होती. पण तोच कागद पुढे भूल देणारा डॉक्टर वाचणार असतो. मी नाही म्हटलं आणि तीन अक्षरांचा पूर्ण अर्थ लिहून दिला. क्लेमसोबत जोडायला तिथल्या डॉक्टरांकडून रक्तदाब किती वर्षांपासून आहे याचं पत्र मागवा, असंही सुचवलं आणि ती मागणी फ्रेंचमध्ये लिहून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

निगडीच्या मुलाचं भाषांतर गेल्यावर चिंचवडच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांचा फोन आला. सहा आठवडे कधीपासून मोजायचे, ऑपरेशनपासून की घरी सोडल्यापासून? पत्रात ते नव्हतं, आणि मूळ कागदात स्पष्ट नाही अशी टीप मी खाली दिलेलीच होती. पत्राच्या डोक्यावर सर्जनच्या सेक्रेटरीचा पत्ता होता. डॉक्टरांनी इंग्रजीत प्रश्न लिहिला, मी तो फ्रेंच करून पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं : जे 0 पासून. तोवर डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढून प्लेट जागेवर असल्याची खात्री केली होती. उरलेले दिवस मोजून त्यांनी फिजिओथेरपीची तारीख दिली आणि तोपर्यंत पाय टेकायचा नाही, हे केसपेपरवर मराठीत लिहून दिलं.