मन आजारी पडले तर

पाय मोडला तर सगळ्यांना दिसतो. ताप आला तर हात लावला की कळतो. मनाचा आजार तसा दिसत नाही. मग घरचेच म्हणतात, "काय धाड भरलीय हिला? नुसती नाटकं!"

आम्ही गावोगाव हिंडतो. असेच एक घर पाहिले. धाकटी सून बाळंत झाली होती. मूल गुटगुटीत. पण महिना झाला तरी सुनेच्या तोंडावर हसू नाही. मूल झोपले तरी हिचा डोळा लागेना. ताटातली भाकरी तशीच राही. मुलाला जवळ घ्यायलाही नको म्हणे. सासूने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. देवऋषी झाला, दोन कोंबडी गेली. एके दिवशी सून म्हणाली, "आत्याबाई, मी नसते तर बरं झालं असतं." तेव्हा मात्र सासू घाबरली.

अशा वेळी जायचे कुठे? आधी आशाताईला गाठावे. ती आपल्याच गावची. ती उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे नेते. सपाटीवर साधारण ५,००० वस्तीला एक उपकेंद्र असते, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० ला. पुष्कळ उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. कुणी नर्सिंग शिकलेले, कुणी आयुर्वेद शिकलेले.

नर्सबाई आधी विचारतात. झोप लागते का? भूक आहे का? कामात मन लागते का? जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हेही विचारतात. असे विचारले की नसता विचार डोक्यात शिरतो, असे लोकांना वाटते. ते खरे नाही. उलट विचारले की माणसाच्या मनावरचे ओझे हलके होते.

अमेरिकेत जादा शिक्षण घेतलेल्या नर्सबाई मनाच्या आजाराच्या गोळ्याही लिहून देतात. आपल्याकडे ते काम डॉक्टरांचे. म्हणून नर्सबाई प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात, नाहीतर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये. तिथे मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. पण ते रोज भेटतीलच असे नाही. वार आधी विचारून घ्यावा. नाहीतर एस.टी.चे भाडे गेले, रोजही बुडाला, आणि हात हलवत परत!

गोळ्यांचा गुण दोन दिवसांत येत नाही. उदासीच्या गोळ्यांना दोन ते चार आठवडे लागतात. 'गुण नाही' म्हणून सोडू नयेत. बरे वाटले म्हणूनही आपल्या मनाने बंद करू नयेत. बाई अंगावर पाजत असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. ते बघून गोळी देतात.

आणि माणूस मरणाची भाषा बोलत असेल तर? त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या घरी ठेवा. १४४१६ या नंबरावर फोन लावा. हा सरकारी नंबर २०२२ साली सुरू झाला. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येते.

देवाला नवस बोला, आमची ना नाही. पण भूत काढतो म्हणून मारझोड करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आजारी माणसाला साखळीने बांधायलाही २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

दवाखान्यात जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका. आणखी एक. आजारी माणसाला नर्सबाईंशी थोडे एकट्याने बोलू द्या. त्या घरची सासू आधी सुनेच्या शेजारी बसून तीच सगळी उत्तरे देत होती. नर्सबाईंनी तिला बाहेर बाकावर बसवले, नातू मांडीवर दिला. मग कुठे सून बोलू लागली.