जुने गवतकापणी यंत्र घेताना आधी फाटक मोजा

- खास प्रतिनिधी

पुण्या-मुंबईच्या सदनिकेत वाढलेल्या मराठी कुटुंबाने अमेरिकेत न्यू जर्सीसारख्या राज्यात स्वतंत्र घर घेतले, की पहिल्याच वसंतात एक नवी जबाबदारी अंगावर येते. घरामागच्या हिरवळीची. एप्रिल-मे महिन्यांत गवत झपाट्याने वाढते आणि आठवड्यातून एकदा तरी ते कापावे लागते. अनेक नगरपालिकांनी गवताच्या उंचीवर मर्यादा घातलेली असून ती ओलांडल्यास नोटीस येते, दंडही होऊ शकतो. नवे यंत्र खर्चिक वाटते, म्हणून ‘गॅरेज सेल’ किंवा स्थानिक जाहिरातींतील जुन्या यंत्राकडे पावले वळतात. हा व्यवहार किफायतशीर ठरू शकतो. मात्र त्याची सुरुवात विक्रेत्याच्या दारात न होता स्वतःच्या कुंपणाशी व्हायला हवी.

रुंदीचा हिशेब

मागे चालत ढकलण्याची घरगुती यंत्रे साधारण २१ इंच रुंदीचा पट्टा कापतात. कंत्राटदार वापरतात ती स्वयंचलित चाकांची मोठी यंत्रे ३२, ३६, ४८ इंच किंवा त्याहून रुंद असतात. अशी यंत्रे काही वर्षांच्या वापरानंतर उतरत्या किमतीत विक्रीस येतात आणि मोठे यंत्र स्वस्तात मिळण्याचा मोह होतो.

अडचण फाटकापाशी येते. कुंपणाने बंदिस्त परसात शिरण्याची वाट अनेकदा तीन ते चार फुटांचीच असते. जाहिरातीत दिलेला आकडा कापणीच्या पट्ट्याचा असतो, यंत्राच्या एकूण रुंदीचा नव्हे. गवत बाहेर फेकणारे बाजूचे तोंड त्यात आणखी काही इंचांची भर घालते. दुसरीकडे बिजागरी आणि कडी फाटकाची मोकळी जागा कमी करतात. त्यामुळे ३६ इंचांचे यंत्र ३६ इंचांच्या फाटकातून जाईल, असे गृहीत धरू नये. फाटक पूर्ण उघडून सर्वांत अरुंद ठिकाणी मोजावे. घर आणि कुंपण यांमधील बोळही मोजावा, कारण वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग बहुधा तेथेच बसवलेला असतो. कंत्राटी यंत्राचे वजन दोनशे किलोच्या आसपास असू शकते. ते उचलून आत नेण्याचा विचार व्यवहार्य नाही.

मोठ्या यंत्राची गरज आहे का, हेही तपासावे. ४० फूट बाय ५० फूट परसात २१ इंची यंत्राने, पट्टे थोडे एकमेकांवर घेऊन, सुमारे चारशे मीटर चालावे लागते. वळणे धरूनही हे काम अर्ध्या तासाच्या आत उरकते.

इंजिन थंड असू द्या

यंत्र पाहायला जाण्यापूर्वी ते सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला सांगावे. गरम इंजिन सहज सुरू होते. खरी परीक्षा थंड इंजिनाची. दोन-तीन झटक्यांत सुरू न झाल्यास कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर साचलेला असण्याची शक्यता असते. हिवाळाभर टाकीत राहिलेल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने हा त्रास होतो. साफसफाईने तो दूर होतो, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. तेलाला पेट्रोलचा वास येणे आणि सतत निळसर धूर निघणे ही अधिक गंभीर लक्षणे होत.

यंत्र हाताला असह्य थरथरत असेल, तर पाते एखाद्या दगडावर किंवा मुळावर आदळून इंजिनाचा मुख्य दांडा वाकलेला असू शकतो. घरगुती यंत्रात ही दुरुस्ती परवडत नाही. पात्यावरील पत्रा खालून गंजला आहे का, हेही पाहावे. त्यासाठी यंत्र कलते करण्यापूर्वी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची तार काढावी आणि कलते करताना एअर फिल्टर वरच्या बाजूस ठेवावा.

तीन सेकंदांचा नियम

३० जून १९८२ नंतर बनलेल्या घरगुती यंत्रांसाठी अमेरिकेत एक सुरक्षा नियम लागू आहे. मुठीवरील दांडी सोडताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. काही जण सोयीसाठी ही दांडी तारेने किंवा चिकटपट्टीने कायमची बांधून ठेवतात. असे यंत्र कितीही स्वस्त असले, तरी नाकारावे. बंदिस्त परसात मुले खेळतात आणि फिरत्या पात्याखाली बोटे जाण्यास क्षणही पुरतो.

कागदपत्रे आणि हंगाम

मूळ पावती मागावी. यंत्राचा मॉडेल आणि अनुक्रमांक टिपून घ्यावा. अनुक्रमांक खोडलेला आढळल्यास व्यवहार थांबवावा. त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का आणि उत्पादकाने ते दोषामुळे परत मागवले होते का, याची खात्री करावी. बॅटरीवर चालणारे यंत्र घेताना बॅटरीचे वय विचारणे आवश्यक, कारण नवी बॅटरी घेण्याचा खर्च मोठा असतो.

वसंतात मागणी वाढते, तशा किमतीही चढतात. हंगाम सरताना यंत्र ठेवायची जागा मोकळी करू पाहणारा विक्रेता घासाघीस ऐकून घेतो. तोवर घाई न करता मोजपट्टी घेऊन एकदा फाटकापर्यंत जाऊन यावे.