चाळीस पानांचं दीड पान

राज्यसेवेच्या तयारीला बसलेल्या मुलांमध्ये हल्ली एक सल्ला सहज दिला जातो, ‘एआयला टाक, शॉर्ट नोट्स काढून देईल.’ राज्यघटनेचं लेक्चर संपलं की फळ्याचे फोटो, वहीची पानं, क्लासने पाठवलेली पीडीएफ आणि जमलंच तर सरांच्या दीड तासाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग असं सगळं चॅटजीपीटी, जेमिनाय नाहीतर नोटबुकएलएममध्ये जातं. टपरीवरचा चहा संपायच्या आत चाळीस पानांचं दीड पान तयार होतं. मथळे ठळक, मुद्दे सुटसुटीत, भाषा स्वच्छ. वाचताना वाटतं, झाला की हा टॉपिक.

आयत्या सारांशाची ओढ आपल्याकडे जुनीच आहे. शाळेत गाइड, दहावीला ‘अपेक्षित’, पदवीला सिनियरच्या टिपणांची झेरॉक्स, इंजिनिअरिंगला पेपरच्या आदल्या रात्री वाचायचं ठरावीक प्रकाशनाचं पुस्तक. त्या गाइडवाल्यांना आपण कितीही नावं ठेवली, तरी त्यांच्यासमोर अभ्यासक्रम आणि मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका असायच्या. काय विचारतात आणि काय विचारत नाहीत हे त्यांना माहीत होतं. एआयपुढे आपण बहुतेक वेळा नुसती पानं टाकतो आणि ‘थोडक्यात कर’ एवढंच सांगतो. त्यातलं महत्त्वाचं काय, हे ठरवायचं काम न सांगताच त्याच्याकडे जातं. ते हे कसं ठरवतं, ते आधी पाहू.

यंत्राकडून सारांश काढून घेण्याची कल्पना चॅटजीपीटीच्या खूप आधीची. आयबीएममधले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली तिचा पहिला नमुना मांडला. लेखात वारंवार येणारे अर्थपूर्ण शब्द मोजायचे, ते ज्या वाक्यांत दाटीवाटीने आले असतील ती वाक्यं उचलायची आणि एकाखाली एक ठेवायची. असा सारांश तुटक वाटायचा, पण त्यातलं प्रत्येक वाक्य मूळ लेखात जसंच्या तसं असायचं. आजची भाषिक मॉडेल्स तसं करत नाहीत. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर या रचनेवर ती उभी आहेत. समोरचा मजकूर आणि प्रशिक्षणात वाचलेला प्रचंड साठा या दोन्हींच्या आधारे पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ती नवं वाक्य घडवतात. म्हणून त्यांचा सारांश ओघवता असतो. पण तुमच्या वहीत मुळीच नसलेलं वाक्यही त्यात तितक्याच ओघाने येऊ शकतं. एकाच ठिकाणी एकदाच आलेली ‘मात्र’, ‘परंतु’, ‘याला अपवाद’ अशी ओळ गळून पडण्याची शक्यता तर त्याहून जास्त.

घटनादुरुस्तीचंच उदाहरण घेऊ, कारण हा धडा आयोगाचा लाडका आहे. अनुच्छेद ३६८ वरच्या नोट्स आटवल्या की एक वाक्य हमखास उरू शकतं, ‘घटनादुरुस्तीसाठी संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागते.’ ऐकायला बरोबर आणि पाठ करायलाही सोपं. पण अनुच्छेद दोन अटी घालतो. प्रत्येक सभागृहात हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश, आणि शिवाय त्या सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. हिशेब करून बघा. लोकसभेच्या जागा ५४३, म्हणजे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत २७२. समजा मतदान केलं ३९० जणांनी आणि बाजूने मतं पडली २६०. दोन तृतीयांश तंतोतंत पूर्ण झाले, तरी विधेयक पडलं, कारण २७२ चा आकडा गाठला नाही. दीड पानावर हा हिशेब राहत नाही.

पुढचीही गळती पाहा. राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, सातव्या अनुसूचीतल्या याद्या, राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व आणि खुद्द अनुच्छेद ३६८ अशा तरतुदी बदलायच्या तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. दोन सभागृहांत मतभेद झाला तर साध्या विधेयकासाठी संयुक्त बैठकीची सोय आहे, घटनादुरुस्ती विधेयकासाठी नाही. राष्ट्रपतींना अशा विधेयकाला संमती द्यावीच लागते, हे १९७१ च्या २४व्या दुरुस्तीने ठरलं. उलट अनुच्छेद ३ नुसार नवं राज्य निर्माण करायला साधं बहुमत पुरतं आणि ती ३६८ खालची दुरुस्ती धरलीच जात नाही. ‘खालीलपैकी कोणती विधाने अचूक आहेत’ अशा प्रश्नातली चार विधानं नेमकी याच जागांवरून उचललेली असतात. केशवानंद भारती, १९७३, मूलभूत संरचना हे सारांशात ठळक अक्षरांत येतं, पण ते सगळ्यांनाच येत असतं. गुणांचा फरक पडतो तो अपवादांवर, आणि आटवताना आधी तेच उडतात.

हा माझा नुसता संशय नव्हे. ऊवे पीटर्स आणि बेंजामिन चिन-यी या संशोधकांनी दहा भाषिक मॉडेल्सकडून वैज्ञानिक लेखांचे सारांश काढून घेतले आणि असे ४,९०० सारांश मूळ लेखांशी ताडून पाहिले. २०२५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले. माणसांनी लिहिलेल्या सारांशांच्या तुलनेत मॉडेल्सच्या सारांशांत मुळात नसलेलं सरसकटीकरण शिरण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. ‘या गटातल्या रुग्णांना फायदा झाला’ याचं ‘या औषधाने फायदा होतो’ असं व्हावं, त्या जातीचं सरसकटीकरण. आणखी गंमत म्हणजे ‘चुका टाळ’ अशी स्पष्ट सूचना दिल्यावर हे प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. तेव्हा ‘अचूक सारांश दे’ असं लिहिलं म्हणजे आपलं काम झालं, या भरवशावर राहू नये.

लांबलचक मजकूर एकदम देण्यातही धोका आहे. मजकुराच्या सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेल नीट वापरतं, मधलं मात्र त्याच्या हातून निसटतं, असं २०२३ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं. नंतरची मॉडेल्स सुधारली आहेत. तरी अख्ख्या सेमिस्टरची पीडीएफ एका घासात देण्यापेक्षा एका वेळी एक टॉपिक देणं शहाणपणाचं.

मराठी नोट्सच्या बाबतीत तर गडबड सारांशाच्या आधीच सुरू होते. क्लासच्या जुन्या पीडीएफ बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर देवनागरी स्वच्छ दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. त्यातली एखादी ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करा, लगेच कळेल. टूल पानाचं चित्र न पाहता आतला मजकूर वाचत असेल तर त्याच्या हाती ही निरर्थक चिन्हंच लागतात. मग एकतर ते ‘वाचता येत नाही’ असं कबूल करतं, नाहीतर फाइलचं नाव आणि मधले आकडे यांवरून विषय ताडून आपल्याच साठ्यातून छानसा सारांश लिहून देतं. यातलं दुसरं घातक, कारण त्या सारांशाचा तुमच्या सरांच्या नोट्सशी काही संबंध नसतो आणि तसा संबंध नाही हे दिसतही नाही. अशा फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात किंवा सरळ पानांचे फोटो द्यावेत, आणि टूलने काय वाचलं ते आधी उतरवून मागावं.

रेकॉर्डिंगचंही तेच. पंख्याच्या घरघरीत, मराठी-इंग्रजी मिसळून बोलणाऱ्या सरांचं ‘बेचाळिसावी’ आणि ‘चव्वेचाळिसावी’ यंत्राला वेगवेगळं ऐकू येईलच असं नाही. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक केला, तर १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवायची मुभा दिली. आकडा चुकला की अर्थ उलटा होतो, आणि चुकीच्या आकड्याचा सारांश बरोबर आकड्याइतक्याच ठामपणे येतो. (रेकॉर्डिंग करण्याआधी सरांना विचारावं, हेही जाता जाता सांगायला हवं. त्यांचं शिकवणं हीच त्यांची मिळकत असते.)

आता असं समजू, की सारांश अगदी निर्दोष आला. तो वाचून अभ्यास होतो का? या प्रश्नाकडे मुलं सहसा वळत नाहीत, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून त्यांची प्रतवारी लावली. पुन्हा पुन्हा वाचणं, हायलायटर फिरवणं आणि सारांश काढणं या तिन्ही पद्धती खालच्या प्रतीत गेल्या. सारांश नीट काढायला शिकलेल्यांना त्याचा लाभ होतो, पण बहुतेकांना तो नीट काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वरच्या प्रतीत दोनच पद्धती होत्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं. म्हणजे स्वतः मेहनतीने काढलेल्या सारांशाची ही गत, मग दुसऱ्याने काढून दिलेल्याची काय सांगावी? तो नुसता वाचायचा असतो, आणि नुसतं वाचणंही त्या यादीत तळाशीच आहे.

चाचणी एवढी वर का, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगातून नेमकं कळतं. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटलं. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. दीड पान वाचून होणारा ‘झाला टॉपिक’ हा भास त्या पाच मिनिटांचा असतो. परीक्षा महिन्यांनी असते.

एआयसंबंधीचा पुरावाही त्याच दिशेने जातो. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. एका गटाला जीपीटी-४ मोकळं वापरू दिलं. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या एका गटाला तेच मॉडेल दिलं, पण थेट उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देत पुढे नेणारं. त्या गटाचं नुकसान जवळजवळ झालंच नाही. यंत्र तेच होतं, त्याला नेमून दिलेलं काम वेगळं होतं.

म्हणून माझा सल्ला असा, की सारांश स्वतः काढा आणि यंत्राला परीक्षक नेमा. लेक्चर झाल्यावर वही मिटून आठवेल ते अर्ध्या पानात लिहा. अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालेल. मग ते अर्धं पान आणि मूळ नोट्स दोन्ही टूलला द्या आणि लिहा, ‘माझ्या सारांशात काय सुटलंय, काय चुकलंय ते सांग. प्रत्येक मुद्द्याला मूळ नोट्समधलं वाक्य दाखव. नोट्समध्ये नसेल ते बाहेरून आणू नकोस.’ नोटबुकएलएमसारखं टूल आपण दिलेल्या मजकुराला धरून उत्तर देतं आणि प्रत्येक विधानाशेजारी संदर्भाचा आकडा ठेवतं. तो दाबला की मूळ परिच्छेद समोर येतो. ही सोय शोभेची नाही, ती वापरायची असते. दुसरी मागणी ‘यातले फक्त अपवाद, अटी आणि “परंतु”ची वाक्यं वेगळी काढ’ अशी करा. सरसकट सारांशापेक्षा ही यादी कितीतरी कामाची ठरते. तिसरी, ‘यावर विधानं असलेले दहा प्रश्न कर, एकेक विचार, मी उत्तर देईपर्यंत उत्तर सांगू नकोस.’ चुकलेले प्रश्न तारीख टाकून बाजूला ठेवा आणि तीन दिवसांनी, मग आठवड्याने परत सोडवा.

राज्यसेवेच्या मुलांना तर याची गरज आता जास्तच आहे. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. चार पर्यायांतून योग्य तो ओळखण्यापुरती वनलायनरची पुंजी पुरायची. आता निबंध लिहायचा, दहा-पंधरा ओळींत मुद्दा मांडायचा, उदाहरण द्यायचं, उलट बाजू घ्यायची. चाळीस पानांतून काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं, हाच उत्तर लिहिण्याचा सराव आहे. तो यंत्राला करू दिला तर सराव यंत्राचा होतो.

आयत्या सारांशाला जागाच नाही, असं मी म्हणणार नाही. धडा एकदा पक्का झाल्यावर परीक्षेच्या आदल्या दिवशी नजर फिरवायला, चुकलेल्या लेक्चरचा अंदाज घ्यायला किंवा पाच वह्यांत विखुरलेला एकच टॉपिक कुठे कुठे आहे ते शोधायला तो उत्तम. नोट्सची अनुक्रमणिका म्हणून वापरा, नोट्स म्हणून नको.

घटनादुरुस्तीचा धडा या आठवड्यात पुन्हा काढणार असाल तर वही न उघडता एवढंच लिहून बघा, की राज्यांची मान्यता कोणकोणत्या बदलांना लागते. मग ते टूलकडून तपासून घ्या, आणि टूल काय म्हणालं ते अनुच्छेद ३६८ च्या मजकुराशी ताडा. संविधानाची अधिकृत प्रत केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि हा अनुच्छेद जेमतेम पानभराचा आहे.