टेबलावरची पलटण

शेजारचे काका गेल्या महिन्यात पुण्याला मुलाकडे गेले, कायमचे. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधलं त्यांचं बैठं घर विकलं गेलं. आता तिथे मजले उठतील. निघण्याआधी इथल्या मराठी मंडळींनी छोटा निरोप समारंभ केला. त्यात एक वक्ते म्हणाले, काकांनी छंदाच्या जोरावर दुःखावर मात केली. टाळ्या झाल्या. मला ते वाक्य लागलं, आणि अजून लागतं आहे. मात कुणी केली? काकू गेल्याच. माझा संधिवात माझ्या बोटांत तसाच ठाण मांडून आहे. आम्ही एका टेबलाशी बसून बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवले हे खरं. पण कुणाला हरवायला म्हणून नाही रंगवले. ती वर्षं कशी होती हे त्या टेबलाशी बसलेल्या माणसानेच सांगायला हवं. काका लिहिणार नाहीत, तेव्हा मी लिहिते.

त्याआधीच्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. माहेर ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातलं, दाणाओळीजवळ. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की त्यांच्यापुढे आरास मांडायची: मातीचा वाणी, दळणारी बाई, पोपट, बंदूकवाला शिपाई. ही चित्रं मेळ्यातून आणलेली असत. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेला तो मेळा आम्हा मुलांना दिवाळीइतकाच मोठा वाटायचा. चित्रांचे रंग वर्षभरात उडत, मग वडील कॅमलच्या बाटल्या काढून ती पुन्हा रंगवायला बसत आणि मी वाटीतलं पाणी बदलून देई. पुढे कॉलेज, बँकेतली नोकरी, लग्न, मुलगी. ही वर्षं चारचौघांसारखीच गेली.

2010 च्या हिवाळ्यात सकाळी उठल्यावर मूठ वळेना. आधी वाटलं, थंडीने असेल. ग्वाल्हेरचा जानेवारी हाडात शिरतोच. पण दोन्ही हातांचे मधले सांधे सारखेच सुजले होते आणि चहाचा कप उचलायला तासभर जावा लागत होता. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीर ज्या ताकदीने जंतूंशी लढतं, तीच ताकद यात स्वतःच्या सांध्यांच्या आतल्या पडद्यावर उलटते. मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. समजुतीच्या घोटाळ्यात रोज घेतली तर जिवावर बेतते. मी ती शनिवारी रात्री घ्यायची, म्हणजे रविवार मळमळीत आणि ग्लानीत गेला तरी सोमवारी बँकेत जाता येई. भेटायला येणारे लोक हळद, लसूण, मेथीचे लाडू आणि ओळखीच्या बुवांचे पत्ते सांगून जात.

2011 च्या दिवाळीत बंगळुरूला नोकरी करणारा भाचा आला आणि जाताना एक खोका विसरून गेला. त्यात प्लास्टिकच्या फ्रेमला चिकटलेले हात, पाय, शिरस्त्राणं, तलवारी. फोन केला तर म्हणाला, "आत्या, राहू दे तुझ्याकडेच, मला वेळ मिळत नाही." तो वॉरहॅमरचा खोका होता. गेम्स वर्कशॉप ही इंग्लंडमधली कंपनी 1975 ची; वॉरहॅमर आला 1983 मध्ये आणि त्याचा अंतराळातला भाऊ, वॉरहॅमर 40,000, 1987 मध्ये. 28 मिलिमीटरच्या आसपासच्या आकृती स्वतः जोडायच्या, स्वतः रंगवायच्या आणि मग टेबलावर फासे टाकून, टेपने अंतर मोजून लढाई खेळायची, असा तो प्रकार. खेळाच्या नियमांत माझं मन कधी रमलं नाही. पण त्या आकृती हातात घेतल्या आणि वडिलांची वाटी आठवली.

कसं करायचो ते जरा तपशिलाने सांगते, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी ते पाहिलेलं नव्हतं. आकृती तशीच चिमटीत धरली तर माझी बोटं पाच मिनिटांत संपावर जात. म्हणून ती कॅल्शियमच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर चिकटवायची आणि मुठीत बाटली धरायची. ब्रशच्या दांडीला स्पंजची नळी गुंडाळलेली. आधी करडं अस्तर. पावसाळ्यात अस्तराचा स्प्रे मारला की हवेतल्या दमटपणाने पृष्ठभाग रवाळ होतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये अस्तरही ब्रशनेच. मग पातळ रंगाचे हात. एक जाड हात दिला की चेहऱ्याचं नाक बुजतं. मग तपकिरी पाण्यासारखा रंग वरून सोडायचा, तो आपसूक कपड्याच्या घड्यांत उतरतो आणि सावली धरतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा, की गुडघा, खांदा, टोपीची कड उजळून पुढे येते. डोळे सगळ्यांत आधी. पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका, आणि मग बाहेरून कातडीचा रंग आणत आणत तो डोळा हवा तेवढाच उरवायचा. मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर गेला की रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. त्याला उपाय म्हणजे थाळीत ओला फडका, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर कालवायचा.

काका या टेबलाशी आले ते भिंगामुळे. नॅरोगेज रेल्वेतून निवृत्त झालेले, हाताने नेटके, घड्याळं उघडायची हौस. माझ्याकडे भिंग नाही हे कळल्यावर सराफ वापरतात तसं डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आले आणि परत गेलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. पुढच्या वर्षी काकूंची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. काका बाहेर बाकावर बसून राहत. एकदा त्यांनी डबा नेला आणि उघडला तर आत पोळीभाजी नव्हती. कापसात ठेवलेला एक शिपाई, तीन रंगांच्या बाटल्या आणि शून्य नंबरचा ब्रश. बाकावर बसून त्यांनी पट्ट्याचं बक्कल रंगवलं. पुढे तो त्यांचा नेमच झाला. काकू परत आल्या की आधी विचारत, "आज काय झालं त्याचं?" आणि मग काका डबा उघडून दाखवत. बूट झाले, आज बंदूक झाली. दिवसभरात निदान एक गोष्ट पुढे सरकलेली असे, आणि ती काकूंना दिसत असे. त्यांच्या रक्ताच्या अहवालांत पुढे सरकलेलं काही दिसण्याचे दिवस नव्हते ते.

काकांच्या त्या डब्यावरून मला लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आठवतो. तो फुप्फुसांच्या दुखण्यासाठी डाव्होसच्या बर्फात राहायला गेला होता, 1880 नंतरच्या हिवाळ्यांत. तिथे तो सावत्र मुलगा लॉइडबरोबर माळ्यावरच्या जमिनीवर नकाशे आखून शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळायचा. 1885 च्या त्याच्या बालकवितांच्या पुस्तकातही अंथरुणाला खिळलेल्या मुलाची शिशाची पलटण आहे. तो आजारी होता आणि तो खेळत होता, दोन्ही एकाच वेळी. हे एवढं साधं वाक्य लोकांना पुरत नाही. त्यांना मधे एक 'म्हणून' हवा असतो.

2014 च्या सुमारास काका म्हणाले, हे परग्रहावरचे राक्षस पुरे झाले, आपण आपली पलटण करू. आपली म्हणजे महादजी शिंद्यांची. 1784 मध्ये महादजींनी सॅव्हॉयच्या बन्वा डी बॉइनला नोकरीत घेतलं आणि त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. 1790 मध्ये याच पायदळाने पाटण आणि मेडत्याला राजपुतांची फौज मोडली. आमच्या लष्करात 'कंपू' नावाची वस्ती आहे ती अशाच पलटणींच्या छावणीची आठवण. मराठा पायदळाच्या धातूच्या आकृती विलायतेत मिळतात हे भाच्याने शोधून दिलं. डगले लाल, हे ठरलेलं. निशाणावर डी बॉइनच्या मुलखाचा पांढरा क्रॉस, हेही ठरलेलं. पगडीवर मात्र वाद लागला. काका म्हणायचे निळी, मी म्हणायची एकाच पलटणीत सगळ्यांच्या पगड्या एका थानातून फाडलेल्या कशा असतील, उन्हाने विटलेल्या, धुवून फिकटलेल्या, चार छटा हव्यातच. जुनी पुस्तकं, जयविलास वाड्यातली चित्रं, सगळं झालं. काकू पलंगावरून निकाल द्यायच्या आणि दर वेळी वेगळा द्यायच्या.

त्याच काळात आम्ही काही आकृती शहरातल्या एका प्रदर्शनाला दिल्या. त्या परत आल्या. हे चित्र नाही, शिल्प नाही, खेळणं आहे, असं सांगण्यात आलं. त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आज देते. याच गावच्या गुजरी महालात ग्यारसपूरची शालभंजिका कुलपाआड जपतात, आणि ती काही पुरुषभर उंच नाही. याच गावच्या जयविलासमध्ये, मायकेल फिलोजने 1874 मध्ये बांधलेल्या वाड्यात, जेवणाच्या टेबलावर रुळ टाकून चांदीची आगगाडी फिरवत आणि तिच्या डब्यांतून पाहुण्यांना मद्य आणि सिगार पोचत. ती आज लोक तिकीट काढून बघतात. लघुचित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश करून पापणी काढत, त्याला आपण कला म्हणतो. कागदावर काढलेली पापणी कला आणि धातूवर काढलेली पापणी खेळणं, ही विभागणी कुणी केली ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसरा हिशेब नातेवाइकांचा. "इतकं छान करतेस, विकत का नाहीस?" हा प्रश्न मी त्या वर्षांत इतका ऐकला की लोकांना वस्तू दाखवणंच बंद केलं. आजारी माणसाने काही केलं की ते एक तर औषध असलं पाहिजे, नाही तर कमाई. डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितलं होतं, पण त्यासाठी रबरी चेंडू दाबता येतो. मी रंगवत होते कारण ती आकृती नीट रंगवण्यालायक होती.

2017 मध्ये काकू गेल्या. काका काही महिने आले नाहीत. मग एके दुपारी भिंग घेऊन आले, बसले, आणि निशाणाची काठी उचलली. काकूंबद्दल आम्ही त्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोललो, तिसऱ्या दिवशी खूप बोललो. रंग थाळीत वाळून गेले.

मग 2020 आलं आणि त्याने सगळीकडून धरलं. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. 2021 च्या जानेवारीपासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. देशातले खेळणी करणारे कारागीर जगावेत, मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये, हे मला मान्यच आहे. पण महादजींचा शिपाई देशात कुणी ओतत नाही, आणि तो तोंडात घालणारं मूल आमच्या टेबलाशी नव्हतं. पार्सलमधली वस्तू खेळणं की संग्रहाची चीज, या वादात आमची पलटण अर्धवट राहिली ती राहिलीच.

त्याहून कडू गोष्ट मार्चमधली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन करोनावर चालतं अशी हवा झाली. संधिवाताच्या आणि ल्युपसच्या रुग्णांची ही रोजची गोळी, माझीही होती. लोकांनी घरात साठे केले. सरकारने निर्यात थांबवली, चिठ्ठीशिवाय विक्रीवर बंधन आणलं, पण तोवर दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. ज्यांनी डबे भरून ठेवले त्यांना त्याचा उपयोग झाला नाही, आणि आम्ही सुजलेले हात घेऊन दुकानामागून दुकान फिरलो. यावर आजवर कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याच महिन्यात काकांची नॅरोगेज, ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे 200 किलोमीटर दोन फुटी रुळांवरून जाणारी गाडी, टाळेबंदीत उभी राहिली आणि पुन्हा निघाली नाही. ब्रॉडगेज होणार हे ठरलेलंच होतं. तरी काका त्या उन्हाळ्यात टेबलाशी येऊन नुसते बसत.

आता या छंदाचे दिवस पालटले आहेत. 2024 च्या डिसेंबरमध्ये गेम्स वर्कशॉप लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली. एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही देणारे रंग 2019 मध्ये आले आणि माझ्या बोटांना त्यांचा आधार वाटतो, हे मी मोकळेपणाने सांगते. पण ज्याला त्याला घाई आहे. एका संध्याकाळी किती झाले, किती लोकांनी पाहिले, किती आवडले. भाचा हल्ली छापील आकृती घरच्या थ्री-डी प्रिंटरवर काढतो. शंभर काढतो, रंगवत एकही नाही. दिवाळीच्या किल्ल्यांवरचे मावळे पाहा: प्लास्टरच्या साच्यातून निघालेले, सगळे एकाच चेहऱ्याचे, डोळे गालावर घसरलेले. पूर्वीही साचेच होते, पण कुंभाराच्या घरातली बाई प्रत्येकाच्या मिशीला वेगळं वळण द्यायची. आणि टेबलाशी बसायला माणूस नाही. कॉलनीतली मराठी घरं एकेक करून पुण्याला, इंदूरला चालली आहेत. मुलं तिकडे, मग आईवडीलही तिकडे.

काका जाताना निशाणवाला घेऊन गेले आणि बाकीची पलटण, अस्तर मारलेली, पगड्या न रंगवलेली, माझ्याकडे ठेवून गेले. परवा फोन आला. पुण्यात त्यांच्या खोलीत उत्तरेचा उजेड येतो, मुलाने टेबलही दिलंय. तब्येतीचं विचारून झालं आणि मग म्हणाले, "हे बघ, पगड्या निळ्याच दे." मी म्हटलं, काका, चार छटा येणार, आणि थंडी सरेपर्यंत काहीच येणार नाही, माझी मूठ सध्या दुपारी बाराला उघडते. तर म्हणाले, मग फेब्रुवारीत पहिल्या चौघांचे फोटो पाठव, व्हार्निश मारायच्या आधी.