मोटारीच्या रंगास निर्धोक फडके कोणते?

निफाड, दिंडोरी, चांदवड ह्या बाजूच्या बागाईतदारांच्या अंगणात बैलगाडीच्या जागी मोटार उभी राहिली, ह्यास आता बराच काळ लोटला. सातपूरच्या महिंद्रा कारखान्यातून २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली, तेव्हापासून तर मोटार ही आमच्या जिल्ह्याच्या घरचीच वस्तू झाली आहे. गाडी घेतेवेळी आमचे शेतकरी बंधू इंजिन, टायर, तेलाचा खर्च व कर्जाचा हप्ता ह्यांची बारीक चौकशी करितात. परंतु ती पुसावी कशाने, हा विचार मात्र घरात जी चिंधी हाताशी येईल तिच्यावर सोपवून मोकळे होतात. परिणाम असा होतो की, दोन दसरे उलटतात न उलटतात तोच काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या टपावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक चऱ्यांची जाळी उमटते आणि विकावयाच्या वेळी गिऱ्हाईक प्रथम तीवरच बोट ठेवितो. हे नुकसान कोठून येते व ते टाळण्यास फडके कसे निवडावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम रंगाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. कारखान्यात पत्र्यावर गंज न चढावा म्हणून एक थर देतात, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचे पारदर्शक रोगण. चकाकी म्हणून जी आपण पाहतो ती ह्या रोगणाची. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तेच करिते. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरिला, तर गाडीची सर्व शोभा केसाहूनही पातळ अशा पापुद्र्यावर अवलंबून आहे असे म्हणावे लागते. चरे पडल्यावर गॅरेजवाला यंत्र लावून ते घालवून देतो खरे, पण तो चरे भरून काढीत नाही. सभोवारचे रोगण चऱ्याच्या तळापर्यंत खरवडून सपाट करितो. हा खर्च व्याजातून होत नसून मुद्दलातून होतो. दोनचार वेळा झिलई झाली की कोठे तरी, विशेषतः बॉनेटच्या कडेस व दाराच्या उभारलेल्या रेषेवर, रोगण संपते, आणि मग पुन्हा रंग देण्यावाचून उपाय उरत नाही.

आता चरे पडतात कशाने? कित्येकांची समजूत अशी की जाडेभरडे कापड रंगास ओरबाडते. ही समजूत अर्धीच खरी आहे. कापसाचा तंतू स्वतः रंगाहून मऊच असतो. खरा अपराधी कापडात अडकलेला कण होय. आमच्या जिल्ह्याची जमीन बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली आहे. त्या खडकातील फेल्स्पार हे खनिज कठीणपणाच्या दहा अंकी मापात सहाव्या पायरीवर बसते आणि खडकाच्या पोकळ्यांतून सापडणारी गारगोटीची जात सातव्या पायरीच्या आसपास. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ह्याच दगडांचे सुंदर नमुने मांडलेले आहेत. तेथे काचेआड जे शोभते तेच चूर्णरूपाने आपल्या गाडीच्या टपावर बसलेले असते. चाकूचे पाते साडेपाचाच्या आसपास येते. तेव्हा पात्यासही ज्याने ओरखडा पडावा तो कण कापडाखाली दाबून फिरविल्यास बिचाऱ्या रोगणाची काय कथा! पोरे धुळकट बॉनेटवर बोटाने नाव लिहितात, ते गाडी धुतल्यावरही उन्हात वाचता येते, ते ह्याच कारणाने.

ही जाळी गोल दिसते म्हणून फडके गोल फिरविल्यानेच ती पडते असेही लोक मानितात. वस्तुतः चरे सर्व दिशांनी गेलेले असतात. परंतु सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्यांची दिशा वळसा घेणारी असते तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परतवितात, म्हणून वर्तुळे भासतात. तथापि फडके सरळ रेषेत, गाडीच्या लांबीस धरून फिरविणे बरे; एखादा चरा पडलाच तर तो एकाच बाजूने दिसतो.

ह्यावरून चांगल्या फडक्याची कसोटी सहज निघते. जे कापड कणास वर उचलून आपल्या पोटात घेते व रंगापासून दूर ठेविते ते निर्धोक. जे कण आपल्या पृष्ठावरच धरून ठेविते ते घातक. सपाट विणीचे कापड, मग ते मलमल असो की मांजरपाट, ह्या परीक्षेत नापास होते, कारण त्यात कणास दडावयास जागाच नसते. स्पंजाचेही तसेच, तो हातास मऊ लागतो, पण त्याचा तळ सपाट असल्याने कण त्याखाली घरंगळत राहतो. ज्यास लव अथवा वेटोळी आहेत त्या कापडाचे तसे नाही. सोलापूरचा टर्किश टॉवेल आमच्याकडे घरोघर असतो. त्याच्या पृष्ठावर धाग्याची वेटोळी उभी असतात व त्यांच्या मुळाशी कण उतरू शकतो. सबब जुना, पुष्कळ धुतलेला, मऊ पडलेला टॉवेल गाडी टिपण्यास पुष्कळच बरा. मात्र त्याचा जाड विणीचा काठ व दुमडून घातलेली शिवण कापून टाकावी. नव्या टॉवेलास खळ असते, ती दोनतीन धुण्यांत गेल्यावाचून त्यास रंगाजवळ नेऊ नये. जुन्या बनियनचे कापड विणकामाचे, म्हणजे वेटोळ्यांचेच असते, म्हणून मेण लावण्यापुरते ते चालते. धोतराचे फडके काचेस ठेवावे. साडीच्या पदराची तर गोष्टच नको; जरीचा एक तुटका धागासुद्धा तारेसारखे काम करितो.

मोटारीच्या दुकानात हल्ली जे मायक्रोफायबर नावाचे फडके मिळते ते ह्या सर्वांत सरस आहे, असे आमचे मत झाले आहे. परंतु त्या नावाखाली वाटेल ते विकले जाते, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने देतो. धाग्याचा बारीकपणा डेनिअर ह्या मापाने मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचे जितके ग्रॅम वजन तितके डेनिअर. येवल्याची पैठणी ज्या रेशमाची विणतात त्याचा सुटा तंतू एक डेनिअरहून थोडा जास्त भरतो. मायक्रोफायबरचा तंतू एक डेनिअरहून कमीच असला पाहिजे. जपानातील तोरे कंपनीत मियोशी ओकामोटो ह्यांनी १९७० साली अशा अतिसूक्ष्म तंतूंपासून कातड्यासारखे कापड तयार केले, तेव्हापासून ही विद्या पुढे आली. गाडीच्या फडक्यात पॉलिएस्टर व नायलॉनच्या जातीचे पॉलिअमाइड हे दोन पदार्थ एकाच धाग्यात, मोसंब्याच्या फोडी सालीत बसाव्या तसे, एकत्र ओढितात आणि मागाहून तो धागा फोडितात. फुटलेल्या फोडींच्या मधील फटींत पाणी व धूळ शिरते. धागा फोडलाच नाही, तर नाव मायक्रोफायबर राहते, गुण राहत नाही.

परीक्षा सोपी आहे. फडके कोरड्या तळहातावरून ओढावे. धागा फोडलेला असेल तर तो हाताच्या कातडीस अडकतो. आम्हां शेतकऱ्यांच्या भेगाळलेल्या हातांस तर तो फारच झोंबतो. ह्यावरून तो रंगासही ओरखडील असे भय बाळगू नये. दुसरी परीक्षा पाण्याची. टेबलावर थोडे पाणी सांडून फडके त्यावरून सरकवावे. खऱ्याने ते टिपले जाते, खोट्याने ते पुढे ढकलले जाते. दुकानदार दोन्ही करू देण्यास कुरकुरला तर तेही एक प्रकारचे उत्तरच समजावे. चिठ्ठीवर दोन्ही पदार्थांचे प्रमाण, ८०:२० किंवा ७०:३०, छापलेले असते. त्याखेरीज जीएसएम म्हणून आकडा असतो, तो म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. तीनशे ते चारशेचे फडके नेहमीच्या कामास पुरते, पाणी टिपण्यास पाचशेच्या वरचे दाट लवीचे घ्यावे, आणि काचेस ह्याहून पातळ बरे. आकडा मोठा म्हणून फडके चांगलेच, असे मात्र नव्हे. काठ आधी पाहावा. कित्येक फडक्यांच्या काठास कडक धाग्याची शिलाई असते व कोपऱ्यात कंपनीचे टोचरे लेबल शिवलेले असते. लेबल घरी येताच कापून काढावे, आणि मिळाल्यास बिनशिलाईच्या काठाचे फडके घ्यावे.

परंतु उत्तम फडके घेऊनही कोरड्या धुळीवर ते चालविल्यास सर्व व्यर्थ होय. पहाटे अंगणात उभ्या गाडीवरून कोरडे फडके अगर पिसांचा झाडू फिरविण्याची जी चाल आहे ती प्रथम बंद करावी. आधी पाण्याचा मारा करून कच वाहून जाऊ द्यावी, मग साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या लवदार हातमोज्याने वरून खाली यावे, आणि मोजा दुसऱ्या, निव्वळ पाण्याच्या बादलीत वरचेवर खळबळून घ्यावा. टंचाईच्या दिवसांत दोन बादल्या पाणी काढणेही जड जाते हे आम्ही जाणतो. तशा वेळी गाडी धुळकट राहू देणे हाच उत्तम मार्ग; धूळ बसलेली राहिल्याने चरा पडत नाही, तो पुसण्याने पडतो. पुसताना फडक्याच्या दोनदा घड्या घालाव्या म्हणजे उलटसुलट मिळून आठ अंगे वापरावयास मिळतात, आणि एक मळले की दुसरे काढता येते. जोर मुळीच देऊ नये.

तालुक्याच्या गावच्या एका धुलाई केंद्रात आम्ही असे पाहिले की, ज्या फडक्याने पोराने चाके पुसली तेच पिळून त्याने बॉनेटवर घेतले. ब्रेकच्या झिजेने निघालेले लोखंडाचे कण चाकावर बसलेले असतात, ते ह्या रीतीने बॉनेटवर आले. हटकले असता, ‘सगळ्यांच्या गाड्या अशाच होतात’ असे उत्तर मिळाले. तेव्हापासून धुलाईस जाताना आम्ही आमची फडकी बरोबर नेतो, आणि लोकांच्या हसण्याकडे लक्ष देत नाही.

महसूल खात्यात उभा जन्म गेल्यामुळे म्हणा, आम्ही घरच्या फडक्यांची जमिनीसारखी प्रतबंदी करून ठेविली आहे व रंगीत दोऱ्याच्या खुणा घातल्या आहेत. पहिल्या प्रतीचे फडके रंगास. ते जुने झाले की दुसऱ्या प्रतीत दारांच्या खाचा व आतील भाग. त्यानंतर चाके व इंजिन. फेरफार नेहमी खालीच होतो, वर कधी होत नाही. जमिनीवर पडलेले फडके स्वच्छ दिसले तरी त्या दिवसापुरते पहिल्या प्रतीतून खारीज समजावे. धुताना ते सुती कपड्यांत मिसळू नये, कारण सुताची लव त्याच्या लवीत गुंतून बसते. सौम्य साबण व कोमट पाणी पुरे. कपडे मऊ करणारे सुवासिक द्रव त्या फटी बुजवितात म्हणून ते घालू नये, आणि इस्त्रीने तंतू वितळतो म्हणून तीही नको. सावलीत वाळवावे. बांधावर किंवा काटेरी तारेवर वाळत घालणे म्हणजे धूळ आणि काटे आपण होऊन आत भरणे होय.

आमच्या भागास लागू असे आणखी दोन प्रसंग आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत फवारणीस उसंत नसते आणि बोर्डो मिश्रणाचे तुषार वाऱ्याने गाडीवर येतात. ह्यात मोरचुदाबरोबर चुना असतो. वाळल्यावर त्याची पांढुरकी निळसर पुटे घट्ट बसतात. ती कोरडी घासू नयेत, ओले फडके वर नुसते अंथरून भिजू द्यावीत आणि मग पाण्याने सोडवावीत. गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभी केली तर हा खटाटोपच पडत नाही. दुसरा प्रसंग दसऱ्याचा. झेंडू, हळद व कुंकू ह्यांनी गाडी पूजावी हे योग्यच. परंतु कुंकू दुसऱ्या दिवशी कोरडेच पुसण्याची घाई करितात, तेवढी न करता त्यावर पाणी ओतावे.

ज्या फडक्याने फवारणीचा पंप किंवा ब्लोअर पुसला ते मात्र आमच्या प्रतबंदीत कोठेच बसत नाही. त्यात औषध मुरलेले असते. ते गाडीच्या आत, जेथे मुले बसतात, फिरवू नये, घरच्या धुण्यात टाकू नये, आणि औषधाच्या पंपाने गाडीही धुऊ नये. असली फडकी मळ्यावरच, औषधांच्या कुलूपबंद पेटीशेजारी, वेगळ्या डब्यात ठेवावी व त्या डब्यावर ठळक खूण करावी, म्हणजे घाईच्या वेळी गड्याच्या हाती भलतेच फडके येणार नाही.